सुपरहिरोला खिसा का नसतो?

आमच्या गल्लीत सिनेमाचं परीक्षण पेपरात येण्याआधी भिंतीवर येतं. भिंत म्हणजे आमच्या आणि शेजारच्या काकींच्या परसामधली, छातीइतक्या उंचीची. तिच्यावरून आमच्याकडून साखरेची वाटी जाते, काकींकडून कोथिंबीर येते आणि या देवघेवीत आठवड्याचे सगळे सिनेमे निकालात निघतात. काकींचा धंदा शिवणकामाचा. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. गळ्यात टेप, ओठांत टाचणी. टाचणी ओठांत असताना बोलू नये म्हणतात. काकी बोलतात, आणि तेव्हाच सगळ्यात धारदार बोलतात.

"सर, त्यो नवा सुपरमॅन बघितला न्हाईसा अजून?"

"नाही काकी. चांगला आहे?"

"चांगला-वाईट मागनं. आदी चड्डी सांगतो."

काकींचं परीक्षण कपड्यापासून सुरू होतं. नातवानं टीव्हीला काय काय जोडून दिलंय, त्यामुळे अमेरिकेपासून केरळपर्यंतचे झाडून सगळे सुपरहिरो काकींच्या शिलाई मशीनसमोरून गेलेत. राहिलेले कोल्हापूरला जाऊन बघतात.

"२०१३ साली 'मॅन ऑफ स्टील' आला, तवा त्या लोकांनी लाल चड्डी काढूनच टाकली. आता २०२५ च्यात जेम्स गन म्हणून दिग्दर्शक हाय, त्येनं परत घातली. बेस्ट केलं! सगळं निळं, अंगाबरोबरचं कापड. मधी कायतरी तोड पाहिजेच की. न्हाईतर माणूस उगंच लांबडा दिसतोय."

"पण पँटीवरून चड्डी?"

"त्ये गिऱ्हाईक बघंल. शिवणाऱ्यानं असलं विचारायचं नसतंय."

मग टाचणी ओठांतून निघून एका पोलक्यात रुतली. म्हणजे आता कथा.

"ह्यो सुपरमॅन सुरवातीलाच मार खाऊन बर्फात पडतोय. शीळ मारतोय, तर कुत्रं येतंय. वाचवायच्या आदी ह्येच्याच अंगावर उड्या मारतंय, मग फरफटत घरी न्हेतंय. तितंच मला पटला बघा. ज्येचं कुत्रं ज्येचं ऐकत न्हाई, त्यो आपल्यातला."

"आणि 'फँटास्टिक फोर'?"

"अगं आई!" काकींनी टेप गळ्यातून काढून हातात घेतला. "त्यातली बाई दिवस भरल्याली. बाळंत कुठं व्हती? अवकाशयानात! मागं ती चंदेरी बाई फळीवर उभी राहून पाठलाग करालीय, ह्या आत कळा देतात. सगळं खरं मानलं. पण सर, नऊ महिन्याचं पोट आणि सूट अंगाबरोबर? किती येळा उसवला असंल त्यो? शिंप्याचं नाव शेवटच्या पाट्यांत यायला पाहिजे."

"खलनायक कसा वाटला?"

"गॅलॅक्टस? त्यो ते बाळच मागतोय. आता बाळ मागणारा राक्षस आपल्याला काय नवा हाय? कंसमामा काय करत हुता? फक्त ह्येची उंची जास्त."

एवढ्यात आतून आण्णा आले. आण्णा म्हणजे काकींचे यजमान. सिनेमाबाबतीत त्यांचं कॅलेंडर २३ सप्टेंबर १९८८ ला थांबलंय. त्या दिवशी 'अशी ही बनवाबनवी' लागला.

"त्येच्यानंतर इनोदी सिनेमा झालाच न्हाई," आण्णांनी पेपरची घडी घालत निकाल दिला. "वसंत सबनीसांचं लिखाण. सचिन, अशोक सराफ, लक्ष्या, सुधीर जोशी. आणि ब्यानर कुणाचं? शांतारामबापूंचं. म्हंजे कोल्हापूरचंच."

"मूळ गोष्ट हिंदीतली आहे आण्णा," मी मास्तरकी केली. "हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान', १९६६ चा."

"असंल. तिकडं कुणाला आठवतोय काय? इकडं पोरं पाठ म्हणतात. मग खरा मालक कोण?"

यावर मला उत्तर नव्हतं. काकींना होतं.

"त्यो सिनेमा का टिकला ठावं हाय? लक्ष्या आणि सचिन, दोघं साडी नेसून वावरतात, पण कॅमेरा 'बघा बघा, पुरुष साडीत' असं एकदा बी म्हणत न्हाई. दोघं मनापासनं बाई होऊन बसल्यात. भाड्याच्या खोलीची अडचण, ती बी खरी. हल्लीच्या इनोदी सिनेमात मला एक खटकतंय. नट आदी हसतोय आणि मग आपल्याला हसा म्हणतोय."

"म्हणजे कुठले?"

"नावं घेऊ? घेतो. 'नाच गं घुमा' मला आवडला. नोकरीवाली मुक्ता बर्वे आणि कामवाली नम्रता संभेराव. मोलकरीण एक दिवस आली न्हाई की घराचं काय होतंय, ते दुसऱ्या कुणी सांगायला नको. पण मधी जरा ताणलाय. दोन इंच आत घ्यायला पाहिजे हुता."

"आणि 'गुलकंद'?"

"पोरापोरीचं जमतंय आणि कळतंय काय, तर ह्या घरची आई आणि त्या घरचा बाप जुने प्रेमी! बीज झकास. चौघं बी कसल्याली माणसं, सई, प्रसाद ओक, ईशा डे, समीर चौघुले. पण मला विचाराल तर चौघुले बोलताना जेवढा हसवतोय, त्यापेक्षा गप उभा असताना जास्त. टीव्हीवर पाच मिन्टात टाळी घ्यायची सवय लागली, की सिनेमात बी दर पाच मिन्टाला टाळीची जागा सोडली जाती. कापडात उगं चुण्या टाकल्यासारखं व्हतंय ते."

आण्णांनी मान डोलावली. "म्हंजे १९८८ नंतर..."

"तुमी गप बसा. 'झिम्मा'ला तुमीच दोनदा आलासा. नवरे घरी ठेवून बायका विलायतेला गेल्या, तर हेच जास्त हसत हुते."

मग मी सकाळपासून डोक्यात असलेला प्रश्न काढला. सुपरहिरोवर काकी एवढ्या का घसरतात? त्यांना उडणारी माणसं आवडत नाहीत, की आवडतात म्हणून राग येतो?

काकींनी भिंतीवर दोन्ही कोपर टेकले. हा त्यांचा विश्लेषणाचा पवित्रा.

"सर, ज्येच्या घरात ज्येला कोण बोलत न्हाई, त्येची ताकद मला पटत न्हाई. केरळचा 'मिन्नल मुरली' बघितलासा? २०२१ ला नाताळात आला घरच्या पडद्यावर. त्यो हिरो शिंपी हाय, शिंपी! अंगावर वीज पडती, ताकद येती, तरी गावात त्येची किंमत तीच. पैले तर त्येलाच कळत न्हाई ह्या ताकदीचं करायचं काय. आणि त्याच विजेनं चहाच्या टपरीवरच्या दुसऱ्या एकाला बी ताकद मिळती. त्यो गरीब, सगळ्यांनी झिडकारल्याला. त्येचं शेवटी जे व्हतंय, ते बघताना मी शिलाई थांबवली."

काकींनी शिलाई थांबवणं म्हणजे आमच्याकडचं राष्ट्रीय पारितोषिक.

"'हनुमान' बी तसाच. तेलुगूतला, २०२४ च्या संक्रांतीला आलेला. पोरगं भुरटं चोर. मणी घावतो, उन्हात ताकद येती. पण थोरल्या बहिणीपुढं मान खाली. उलट त्यातला खलनायक बघा. त्येला ल्हानपणापासनं सुपरहिरो व्हायचं असतंय. सूट हाय, पैसा हाय, यंत्रं हायत. आई-बाप तेवढे ठेवले न्हाईत, त्येनंच संपवले. म्हंजे ज्येला बोलणारं कोण न्हाई, त्यो खलनायक. गणित सोपं हाय."

"आणि आपल्याकडं?"

"आपल्याकडं 'मुंज्या' बघा. आदित्य सरपोतदार मराठी माणूस, आदी 'झोंबिवली' केला, मग हिंदीत कोकणातलं भूत न्हेलं. हिरो आईच्या ब्युटी पार्लरात मदतीला! त्येला बघून भूत बी घाबरत न्हाई. सुहास जोशींची आज्जी हाय, ती दोन वाक्यात सगळ्यांना गप करती. भीती आणि हसू एका शिवणीत घ्यायचं म्हंजे सोपं न्हवं. एका बाजूचं जरा जास्त वडलं की दुसरीकडं झोळ येतोय."

"पण मराठीत खरा सुपरहिरो 'बाजी'च ना? २०१५ चा. श्रेयस तळपदे."

काकींनी जरा विचार केला. श्रेयस तळपदेवर त्यांचा जीव आहे, त्यामुळे निकाल सांभाळून आला.

"कपडा चांगला, घोडा चांगला, कोकण तर काय बोलूच नका. निखिल महाजननं हिंमत केली, मराठीत असलं कोण करत हुतं? पण मला त्यो बाजी जेवताना दिसला न्हाई. मुखवटा काढून भाकरी खाताना कुणीतरी 'हात धुतलास काय' म्हणायला पाहिजे हुतं. कोठाऱ्यांना हे कळत हुतं. 'धडाकेबाज' १९९० चा. लक्ष्याला बाटलीत बोटाएवढा गंगाराम मिळतोय, त्येच्याच तोंडवळ्याचा. समोर कवट्या महाकाळ, त्येला मुखवटा. पैसा काय, तंत्र काय, सगळं तुटपुंजं. तरी पोरं अजून कवट्या महाकाळ म्हणतात. कारण लक्ष्या घाबरत हुता."

नातू इतका वेळ मोबाईलमध्ये होता. तो वर न बघता म्हणाला, "आज्जी, लास्टला बघितल्यात बेस्ट सुपरहिरो कोण?"

"दिलीप प्रभावळकर."

नातवानं मोबाईल खाली ठेवला. आण्णांनी पेपर खाली ठेवला.

"आज्जी, 'दशावतार' काय सुपरहिरोचा पिक्चर आहे काय?"

"मग काय हाय? १२ सप्टेंबर २०२५ ला लागला. तवा त्या माणसाचं वय ८१. कोकणातला बाबुली मेस्त्री, दशावतारात कामं करणारा, नजर कमी होत चालल्याली. पोराचा जीव बापाच्या कलेत आणि बापाचा पोरात. डोंगर खणून खाणी करायला निघाल्याली बडी माणसं समोर. पुढचं सांगत न्हाई, सरांनी बघितला नसंल. पण मला सांग, तोंडाला रंग हाय काय? हाय. वेगळा पोशाख हाय काय? हाय. रात्री बाहेर पडून दुष्टांना गाठतोय काय? गाठतोय. मग अजून काय पाहिजे, इंग्रजी?"

"आणि ह्योच माणूस १९९३ ला तात्या विंचू हुता," आण्णांनी भर घातली. "'झपाटलेला'त."

"तेच म्हंतो. मुखवट्याच्या मागं माणूस असला, की त्यो खलनायक बी व्हतोय आणि हिरो बी. नुसता सूट असला तर काय, खुंटीला टांगला तरी चालतंय."

आता आण्णांना सूर सापडला. ते सरळ १९२० मध्ये गेले. "सुपरहिरोचं खूळ अमेरिकेनं काढलं म्हणतात. आमच्या बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' काढला, तवा सुपरमॅन जन्माला यायचा हुता! १९१७ ला कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी. घरात कॅमेरा तयार केला ह्या माणसानं. आणि गोष्ट कुठली? कीचकवधाची. कीचक पडद्यावर मारला, तर बघणाऱ्यांची पाचावर धारण बसली."

खरंच की, मला वाटलं. सुपरमॅन कॉमिकमध्ये आला १९३८ ला. पंचगंगेकाठी त्याच्या १८ वर्षं आधी एक बलदंड गडी ओळख लपवून राजवाड्यात आचारी म्हणून राहत होता आणि रात्री दुष्टाला चेचत होता. वेषांतर, दुहेरी आयुष्य, बेसुमार ताकद, सगळा मसाला तयार.

"शिवाय कीचकाला गाठायला भीम गेला कसा?" आण्णा रंगात आले. "सैरंध्रीचं लुगडं नेसून! कीर्तनात ऐकलं न्हाईसा? म्हंजे बनवाबनवी बी तितंच आली."

काकी गप्प झाल्या. मला वाटलं, हरल्या. पण त्या वेगळ्याच हिशेबात होत्या.

"लुगडं ठीक हाय. पण भीमाच्या दंडाची चोळी एका रात्रीत शिवली कुणी?"

आण्णांकडे उत्तर नव्हतं. महाभारताकडेही नसावं.

मग मीही गावाची बाजू लावून धरली. म्हटलं, एवढं लांब कशाला, आपल्या वडगावात धनाजी जाधवांची समाधी आहे. १७०८ मध्ये इथंच त्यांचा शेवट झाला. मोगलांची घोडी पाण्याला तोंड लावायची नाहीत, त्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसायचे, असं सांगतात. सूट नाही, मुखवटा नाही, संगीत नाही. नुसत्या नावानं घोडी थांबायची.

"बरोबर," काकी म्हणाल्या. "आणि त्येच्या कमरंला कसा असणार. पैशाचा. ह्या इंग्रजी लोकांच्यात एकाला तरी खिसा हाय काय? जग वाचवायला निघतात आणि एसटीचं सुट्टं ठेवायला जागा न्हाई! किल्ली कुठं ठेवतात? रुमाल? घाम येत न्हाई काय त्या रबरात?"

"आज्जी, ते उडतात. त्यांना एसटी लागत नाही."

"परतीला लागती."

नातवाचं खरं काम आत्ता बाहेर आलं. शाळेच्या गॅदरिंगला फॅन्सी ड्रेस आहे आणि त्याला सुपरहिरोचा सूट हवाय. बाजारात तयार मिळतो, पण तो पातळ असतो आणि पाठीत फाटतो, हे मागच्या वर्षी दुसऱ्या एका पोरानं स्टेजवर सिद्ध केलं होतं. काकींनी त्याला भिंतीजवळ उभं केलं. छाती मोजली, खांदा मोजला, उंची वहीत टिपली.

"कुठला करायचा? सुपरमॅन, बॅटमॅन, क्रिश?"

"माझा वेगळा. नाव अजून ठरलं नाही."

"नाव नसंना. कापड टिकाऊ घालतो, चड्डी आतनं. हिकडं एक खिसा, तिकडं एक. छातीवर 'वडगाव' भरतो. आणि स्टेजवर ताठ उभा राहू नकोस, एकदा घसरून पड. लोक हसले की मग उड."

"पण आज्जी, गॅदरिंग शुक्रवारी आहे."

"मग आज्जाला सांग दळण आणायला, मला येळ न्हाई. आणि शिलाईचे पैसे बापाकडनं आदी घेऊन ये. सुपरहिरो झालास म्हणून उधारी न्हाई."