नाक मुरडावे कसे?

मे महिन्यात सकाळी आठच्या सुमारास भुसावळहून जळगावकडे निघालेल्या कोणत्याही गाडीच्या साध्या डब्यात शिरा. उभं राहण्यापुरती जागा मिळाली की डोळे मिटा आणि श्वास घ्या. डावीकडून लिंबू, उजवीकडून पुदिना, मागून काहीतरी निळं. हे सगळे आपले अपडाऊनवाले. सगळ्यांच्या दाढ्या सातच्या आत उरकलेल्या, आणि बाहेर ऊन अजून चढायचंय. या क्षणी ज्याच्या पोटात काही हलत नाही त्याने हा लेख इथेच मिटावा. ज्याच्या हलतं, त्याच्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे. लेखक या विषयात गेली चाळीस वर्षं कार्यरत असून त्याच्या नापसंतीला आजवर एकाही कंपनीने, नातेवाइकाने वा सलूनवाल्याने भीक घातलेली नाही, हीच त्याची पात्रता समजावी.

दाढीचं क्रीम, साबण, आफ्टरशेव्ह आणि अत्तर यांच्या वासाविषयी नावड बाळगायची तर आधी वास नीट ओळखता आला पाहिजे. भुसावळात हे सोपं नाही. गाव जंक्शनचं. इथल्या हवेत तापलेल्या ब्रेकचा वास आहे, फलाटावरच्या वड्यांचा आहे, ट्रकमध्ये भरलेल्या केळ्यांचा आहे आणि फिनेलचा तर आहेच. नवशिका माणूस फिनेलचा राग दाढीच्या क्रीमवर काढतो. तसा तो अगदीच चुकत नाही. पांढऱ्या फिनेलमध्ये पाइनचं तेल असतं, आणि ज्या बाटल्यांवर जंगल, पर्वत, साहस असले शब्द असतात त्यांच्या आत पाइनचाच कुणीतरी मावसभाऊ दडलेला असतो. बाटलीवर हिमशिखर असतं. गालावर येतो तो फलाट क्रमांक तीन, नुकताच पुसलेला.

लिंबाचं दुखणं वेगळं. लिंबाच्या सालीत लिमोनीन नावाचं द्रव्य असतं, त्याचा वास स्वच्छतेचा मानला जातो, म्हणून तो भांड्यांच्या साबणातही घालतात. आमच्या घरी एकदा भांड्यांची वडी आणि माझं दाढीचं क्रीम यांचा वास तंतोतंत एक निघाला. पंधरा दिवस रोज सकाळी मला वाटे, आता आपल्याला कुणीतरी विसळून मोरीच्या कट्ट्यावर पालथं घालणार. क्रीम कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही. नाव घेतलं की वास येतो.

आता समुद्र. गेली तीसेक वर्षं पुरुषांना समुद्राचा वास विकला जातोय: बाटली निळी, झाकण चंदेरी, आत लाटा. भुसावळहून मुंबईचा समुद्र रेल्वेने सुमारे ४४० किलोमीटरवर आहे, त्यामुळे वास खरा की खोटा हे ताडून बघायची आपल्याकडे सोय नाही, आणि कंपन्यांना हे ठाऊक असावं. मी मात्र पहिल्यांदा तो हुंगला तेव्हा डोळ्यांपुढे समुद्र आलाच नाही. आलं ते टरबूज. तापीच्या काठी फडक्यावर मांडून ठेवलेलं, अर्धं कापलेलं, थोडं उन्हात राहिलेलं. मला वाटलं, माझंच नाक गावंढळ. पण हा वास ज्या द्रव्यातून येतो त्याचं नाव कॅलोन. १९६६ साली फायझर या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत ते सापडलं, आणि त्याला मुळातच टरबुजासारखा वास आहे. म्हणजे दोन हजार रुपये मोजून आपले लोक टरबूज लावून फिरतात. ही माहिती लग्नाच्या पंगतीत हळू आवाजात शेजाऱ्याला सांगावी. नापसंती शास्त्राच्या आधाराने व्यक्त केली की ती कुचकी वाटत नाही, निदान आपल्याला तरी.

आणखी एक आधार जवळ असू द्यावा. जगभरच्या सलूनमध्ये जो ‘सलूनचा वास’ म्हणून ओळखला जातो त्याचा मूळपुरुष १८८२ सालचा. पॅरिसच्या उबिगाँ या अत्तरवाल्यांकडे पॉल पार्के याने ‘फूजेर रॉयाल’ नावाचं अत्तर तयार केलं. फूजेर म्हणजे नेचा, आणि नेच्याला तसा वास नसतो. वास होता तो कुमारिनचा, म्हणजे कापून उन्हात टाकलेल्या गवताचा. लॅव्हेंडर आणि हे गवत मिळून गेली एकशे चाळीसेक वर्षं पुरुषजात भादरली जातेय. आपल्याकडे पोळ्याला बैल हाच वास अंगाखांद्यावर घेऊन मिरवतो, आणि त्याला कुणी विचारत नाही की कोणतं लावलंय.

फळांच्या वासाबाबत मात्र गंभीर इशारा. केळ्याचा जो ठळक वास, त्यातला मुख्य भाग आयसोअमाइल ॲसिटेट. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा या वासावर आपला अर्धा हक्क आहेच. अडचण अशी की मधमाशी डंख मारते तेव्हा ‘धावा, शत्रू इथे आहे’ म्हणून इतर माश्यांना जी गंधाची हाक जाते, तीतही हेच द्रव्य प्रमुख असतं. सबब फळांच्या वासाचं काही गालाला लावून सातपुड्यात पालच्या बाजूला फिरायला जाऊ नये. आग्या मोहोळ हा नापसंती व्यक्त करण्याच्या बाबतीत आपल्या सर्वांचा गुरू आहे.

वास ओळखता आला की तो नाकारायचा कसा, हा खरा कठीण भाग. इथे चांगली चांगली माणसं सलूनमध्ये हरतात. खुर्ची मागे झुकवलेली, गळ्याला कापड आवळलेलं, डोळे मिटलेले. या अवस्थेत माणसाला मत नसतं. वस्तरा फिरवून होतो, पाण्याचा फवारा होतो, मग बाटलीचा ‘पुच्’ असा आवाज येतो आणि दोन तळहात एकमेकांवर आपटतात. तो आवाज ऐकून ‘नको’ म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. गाडी होम सिग्नल ओलांडून आत आल्यावर लाल झेंडी दाखवून काय उपयोग?

‘काका, थोडंसंच.’

थोडंसं हे माप सलूनमध्ये पुढीलप्रमाणे मोजतात: दोन्ही गाल, हनुवटी, मान, आणि तळव्यांना उरलेलं ते केसांना. तेव्हा नकार द्यायचा तो खुर्चीत बसण्यापूर्वी, उभ्याने, कापड गळ्यात पडायच्या आत. तोही कसा द्यायचा ते नीट लक्षात घ्या. ‘मला आवडत नाही’ हे कारण आपल्या गावात कुणी मान्य करत नाही. न आवडायला तुम्ही काय जावई आहात? ‘ॲलर्जी आहे’ म्हणा. या शब्दाला इथे फार मान आहे. बाटली लगेच मागे जाते, तुरटीचा खडा पुढे येतो. मात्र दुष्परिणाम सोसायची तयारी ठेवा. सलूनवाला ही बातमी आरशातून सगळ्या दुकानाला सांगतो, बाकावरचा एक जण कडुलिंबाचा पाला सुचवतो, दुसरा त्याच्या साडूला असंच झालं होतं ते सांगतो (साडू पुढे वारला, पण वेगळ्या कारणाने), आणि संध्याकाळी जामनेर रोडवर अनोळखी माणूस तुम्हाला थांबवून विचारतो, ‘काय रे भो, आता कसं आहे अंगावरचं?’

मेंथॉलवाल्या निळ्या बाटलीपुढे तर ॲलर्जीचंही चालत नाही, कारण ती उन्हाळ्यात देतात आणि पहिल्या क्षणी बरं वाटतं. इथेच फसगत आहे. मेंथॉल कातडीला थंड करत नाही. थंडीची वर्दी देणारे जे ग्राहक मज्जातंतूंवर बसलेले असतात, त्यांना ते खोटी वर्दी देतं. हा ग्राहक शोधून काढताना डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पटापूटियन या दोघांनी मेंथॉलच वापरलं होतं. तापमान आणि स्पर्श कसा कळतो या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. भुसावळात पारा ४५ वर असताना याचा अनुभव असा: गाल तोरणमाळला जाऊन बसतात आणि बाकीचा माणूस इथेच उकडत राहतो. दहा मिनिटांनी गाल परत येतात. तेव्हाचं दुःख कोणत्याही बाटलीवर छापलेलं नसतं.

रेल्वेच्या डब्यात वेगळं धोरण लागतं. तिथे नाकारायचं काय, वास दुसऱ्याच्या अंगावर असतो. त्या माणसाचा दोष नाही हे प्रथम मनाशी घोकावं. एकाच वासात राहिलं की नाक काही मिनिटांत तो वास कळवायचं सोडून देतं. त्याला वाटतं, उडाला. तो आणखी मारतो. त्याला बोलू नये, खिडकी उघडू नये (लू लागते), तोंड तेवढं दाराकडे करावं आणि वाट बघावी. भुसावळ ते जळगाव पंचवीसेक किलोमीटर. भादली येईपर्यंत तुमचंही नाक थकतं आणि जळगावला तुम्ही त्याच्याशी क्रिकेटवर बोलत खाली उतरता.

घरातली नापसंती सर्वांत अवघड, कारण तिथे वास भेट म्हणून येतो. मामाला काय द्यायचं हा प्रश्न सगळ्या भाच्यांना पडतो आणि सगळ्या भाच्यांना एकच उत्तर सुचतं. माझ्या कपाटात सध्या नऊ बाटल्या आहेत. आमची आत्या त्यातली एक हातात घेऊन म्हणाली, ‘आफ्टरशेव्ह म्हणजे काय रे, शेव खाल्ल्यावर लावतात का?’ मला तो उपयोग पटला. खानदेशी शेवभाजीनंतर तोंडाला जे काही होतं त्यावर उतारा हवाच. पण प्रत्यक्षात या बाटल्यांचा खरा उपयोग पत्नीने शोधला: नव्या स्टीलच्या भांड्यांवरची चिकट लेबलं काढणं. आत अल्कोहोल असतं, डिंक चटकन सुटतो. आता भाचा आला की ती मनापासून आनंदते. फक्त एकदा शेवेच्या डब्याचं लेबल काढून डबा नीट न धुता तिने त्यात शेव भरली, आणि तो पूर्ण आठवडा आमच्याकडची शेवभाजी दाढी करून आल्यासारखी लागत होती.

बायकोला वास आवडतो आणि तुम्हाला नाही, असंही होतं. वाद घालू नये. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे साधारण ४०० प्रकारचे ग्राहक असतात आणि ते दोन माणसांत हुबेहूब सारखे नसतात. तिच्या नाकात जे वाजतं ते तुमच्या नाकात वाजतच नसेल. हे मी आमच्या घरी एकदा समजावून सांगितलं. ‘म्हणजे तुमचंच नाक बिघडलंय,’ असा निष्कर्ष निघाला.

नावडीला अपवाद ठेवावेत, नाहीतर माणूस नुसताच किरकिरा ठरतो. माझे दोन आहेत.

वडील मालगाडीवर गार्ड होते. (२०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात; वडिलांना हे कळलं असतं तर त्यांनी आधी पगार किती वाढला ते विचारलं असतं.) त्यांच्या काळ्या लाइन बॉक्समध्ये झेंड्या, दिवा, फटाके, रूलबुक आणि प्लास्टिकच्या वाटीतला दाढीचा गोल साबण असे. इगतपुरीच्या नाहीतर खंडव्याच्या रनिंग रूममध्ये दाढी करून ते पहाटे घरी येत. कोळशाची धूळ, रॉकेल आणि त्या साबणाचा गोडसर, स्वस्त, फुलांचा म्हणवणारा वास. आज तो साबण कुणी माझ्यापुढे धरला तर मी नाक मुरडीन. मुरडतोच. पण बाजूलाही करत नाही.

दुसरा अपवाद वाळा. मागच्या मे महिन्यात पुण्याचा भाचा आला. ‘मामा, हे खास पॅरिसचं. व्हेटिव्हर.’ किंमत त्याने सांगितली नाही, पण पिशवीत पावती राहिली होती. मी मनगटावर फवारा मारला. बायको आतून ओरडली, ‘अहो, कूलर कुणी लावला? टाकीत पाणी नाहीये!’

मी पुन्हा हुंगलं. ओल्या ताट्या, दुपारचे तीन, बंद खोली, फरशीवर उघड्या अंगाने झोपलेली आम्ही सगळी भावंडं. व्हेटिव्हर हा शब्द तमिळ ‘वेट्टिवेर’वरून गेलेला. म्हणजे मूळ इकडूनच गेलं, पॅरिसला बाटलीत बसलं आणि पावतीसकट परत आलं. या एका बाटलीने भांड्यांची लेबलं काढायला मी सक्त मनाई केली आहे.

तेव्हा समस्त भाचेमंडळींना या मार्गदर्शनाच्या शेवटी विनंती. मामाला दाढीसाठी तुरटी पुरते. तिला वास नाही, ती रक्त थांबवते, आणि तापीचं गढूळ पाणी आलं तर तेही निवळते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जरूर या, पण बाटली आणू नका. येताना कूलरसाठी वाळ्याच्या दोन ताट्या घेऊन या. माप दोन बाय अडीच फूट.