बिऱ्हाड निघालं बेटावर

पावसाळा सरला की बेळगावात दोन प्रश्न पेटतात: गोव्याला कुठल्या घाटानं उतरायचं आणि चपात्या किती घ्यायच्या. चोर्ला की अनमोड, यावर शहापूरपासून टिळकवाडीपर्यंत गल्लोगल्ली तज्ज्ञ आहेत. निपाणीकर मध्येच आजरा-आंबोली काढून वाद वाढवतो. हल्ली त्यात नवी टूम आलीय. बीच नको, गर्दी नको, बेटावरचं कॉटेज पाहिजे. म्हणजे मांडवीतलं दिवाडी. कौलारू घर, झोपाळा आणि शांतता.

शांततेला लागणारं सामान डिकीत मावत नाही. आधी कुकर चढतो. मग ज्वारीचं पीठ, शेंगा चटणी, भडंगाचा डबा, कॉटेजवाल्याला द्यायला कुंदा. ‘अहो, तिथं मिक्सर हाय काय, विचारलासा?’ असा आवाज आतून येतो. स्वयंपाकच करायचा तर घर का सोडायचं, असं विचारणाऱ्याला मांडीवर डबा धरून मागच्या सीटवर बसवतात.

पोरांनी फुगवायची ट्यूब आणि वाळूतली खेळणी घेतलेली असतात. दिवाडीला समुद्र नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तिथं नदी, खारफुटी, खाजनातली भातशेती आणि टेकडीवर पिएदादचं चर्च. उपयोगाची टॉर्च आणि डासांचं मलम तेवढं घरी टेबलावर राहतं.

बेटावर गाडी न्यायला पूल नाही, फेरीबोट आहे. मोबाईल जुन्या गोव्याच्या धक्क्याकडं ओढतो. चोर्ल्यानं येणाऱ्यानं साखळी-डिचोली करून सरळ नार्व्याचा धक्का गाठावा. बोटीचा लोखंडी जबडा धक्क्यावर आपटतो, दुचाक्या भुर्रकन सुटतात, मासळीची पाटी घेतलेली बाई चालत निघून जाते. मागं केए 22 ची गाडी, टपावरच्या ताडपत्रीची दोरी सुटलेली, आणि शेवटची फेरी किती वाजता हे विचारायचं राहिलेलं.

नार्व्यात थांबलाच आहात तर सप्तकोटेश्वराचं दर्शन घ्या. हा देव मूळचा दिवाडीचा, कदंब राजांचा. पोर्तुगीजांनी देऊळ मोडलं, तेव्हा पिंडी नदी ओलांडून इकडं आली. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. देवानं कायमचं घर हलवलं ते एका पिंडीवर. आपण दोन रात्रींसाठी जातो आणि सोबत पोळपाट नेतो.

आता शेवटचा डाग: वीस लिटर पाण्याचा कॅन. कारण ‘परमुलखाचं पाणी बाधतंय’. दिवाडीला वेढा घालणारी मांडवी म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावलेली म्हादई. ती फुकटात, वळणं घेत, कुणी न उचलता तिथं पोचते. आपण मात्र आपलं पाणी घाटातून, मांडीवर सांभाळत नेतो. त्याच म्हादईसाठी कर्नाटक आणि गोवा वर्षानुवर्षं कोर्टात भांडताहेत. 2018 मध्ये लवादानं कर्नाटकाच्या पदरात 13.42 टीएमसी पाणी टाकलं, तरी भांडण मिटलेलं नाही. मांडीवरचा कॅन कर्नाटकाच्या वाट्यातून वजा करायचा की गोव्याच्या वाट्यात जमा धरायचा, तेवढं वकिलांना विचारून घ्या. तारीख पडेपर्यंत सुट्टी संपलेली असेल.