तात्यांचा हक्काचा तोटा

मार्चचा शेवटचा आठवडा आला की चांद्याचे तात्या तोटा शोधायला बसतात. हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे गुंठ्याचे भाव चढले, तशी बांधाकडची जमीन गेली आणि पैसा शेअरबाजारात आला. एरवी पारावर ते फक्त नफ्याचं बोलतात. मार्चात मात्र मोबाईलवरचे लाल आकडे सरकवत म्हणतात, "हा लाखानं पडलाय. झकास!"

"वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर. माझा नफा लाखाचा. त्यात लाखाचा तोटा वळता केला की २० हजार वाचले!" विवरणपत्र मुदतीत भरलं तर उरलेला तोटा पुढची ८ वर्षं ओढता येतो, हे ऐकून दूधवाला कॅन खाली ठेवतो. तोटा त्याच्याकडेही आहे, पण त्याला कोणी वाली नाही.

"मग शेअर सोडून द्यायचा?"

"छे! आज विकायचा, उद्या परत घ्यायचा. आजच्या आज घेतला तर सट्टा धरतात."

पुतण्या न्यू जर्सीत आहे. तिकडे तोट्यात विकलेला शेअर आधीच्या किंवा नंतरच्या ३० दिवसांत घेतला, तर तो तोटा तेव्हा धरत नाहीत. तात्या फोनवर कळवळतात, "आपल्याकडे असा थेट नियम नाही रे. ये परत गावाला!"

काकूंनी एकदा विचारलं होतं, "अहो, परत तीनशेला घेतला म्हणजे खरेदी तीनशेचीच लागणार. पुढं पाचशेला विकला की कर भरायचाच ना?" तात्यांनी पेपर उघडला होता.

मागच्या मार्चात त्यांनी पाचशेला घेतलेले ५०० शेअर तीनशेला विकले. रात्रीत कंपनीला मोठं कंत्राट मिळालं आणि सकाळी भाव ३४५. तात्यांनी घाम पुसत तेवढेच परत घेतले. काकूंनी कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला: वाचले २०,०००, जादा गेले २२,५००.

"गेले ना? जाऊ देत," तात्या ताठ बसून म्हणाले. "सरकारला तर नाही ना दिले!"

दोन्ही व्यवहारांवर मिळून सव्वातीनशेच्या आसपास एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर, सरकारनं आधीच कापून घेतला होता. ते तात्यांना सांगायची हिंमत चांद्यात अजून कोणाला झालेली नाही.