अर्ध्या दिवसाचे ॲमस्टरडॅम

बासेलकडे निघालेल्या ऱ्हाइन-क्रूझने ॲमस्टरडॅमसाठी अख्खा अर्धा दिवस काढून ठेवावा, हा तिचा मोठेपणाच. सतराव्या शतकात कालव्यांचे कडे खणायला डचांची कित्येक दशके खर्ची पडली. काचेच्या छताच्या बोटीतून ते तासाभरात उरकते. प्रगती म्हणतात ती हीच. घरांच्या शेंड्याला सामान वर ओढायचे आकडे आहेत. गाइड ते दाखवतो, फोन वर होतात, आणि ‘जिन्याने का नाही नेत?’ अशी शंका कोणाला येण्याआधीच चीजचे दुकान येते. रेम्ब्राँचे १६४२चे ‘नाइट वॉच’ चार मीटरांहून रुंद आहे, ते तरी कशाला? चालता चालता दिसावे म्हणूनच ना!

एवढ्या वेळात शहर कळत नाही, अशी कुरकूर होते. पण शहर कळेल असे तिकिटावर छापलेले नाही. जेवण दीडला, एवढेच छापलेले आहे. महापालिकेचा कृतघ्नपणा मात्र खटकतो. नदी-क्रूझच्या फेऱ्या २०२८पर्यंत निम्म्यावर आणायचे तिने २०२४ मध्ये ठरवले. कारण काय, तर गर्दी. वास्तविक गर्दी रहिवाशांची आहे. ते रोज येतात आणि परत जात नाहीत. त्यांनाच बोटीत बसवून बासेलला पाठवावे. घरे मोकळी होतील, पर्यटकांना भाड्याने देता येतील, आणि परतल्यावर मूळ रहिवाशांनाही शहर नीट पाहता येईल. अर्धा दिवस पुरे.