बिनतारी कंट्रोलरसाहेबांच्या सेवेशी, साकोलीहून

मा. बिनतारी गेम कंट्रोलरसाहेब,
मुक्काम टीव्हीखालचा कप्पा, साकोली, जि. भंडारा.



आपण आमच्या घरी आलात, हे आमचं भाग्य. खोक्यावरचा मजकूर वाचून आपण थेट रणांगणावरून येत आहात असं वाटलं. टीव्हीच्या मागे खोचलेल्या त्या बोटभर स्ट्रीमिंग स्टिकला आपण खेळाचं यंत्र करून दाखवणार, असं घरातल्या पोट्ट्यांनी जाहीर केलं. पैसे माझ्या खिशातून गेलेले असल्यामुळे परीक्षकाचं पदही मीच घेतलं. हा त्याचा अहवाल.

शहरातले परीक्षक आपल्याला हातात घेतात, बटणं दाबून पाहतात, पकड बरी म्हणतात आणि पाचपैकी साडेचार तारे देऊन मोकळे होतात. त्या तपासणीत आपण आमच्याकडेही पहिल्या वर्गात पास आहात. श्रावणातल्या घामेजल्या अंगठ्याखालूनही आपली काठी निसटत नाही. ट्रिगर हळू दाबला तर गाडी हळू सुटते, कचकन दाबला तर उधळते. गाडी आपटली तेव्हा आपण थरथरलात आणि शेजारी बसलेल्या आजीने पाय वर घेऊन विचारलं, "आत जित्तं हाये का काही?" एवढी दाद आमच्याकडे भल्याभल्यांना मिळत नाही.

पण साहेब, हा शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतींचा मुलूख आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, तरी इथल्या म्हाताऱ्यांच्या बोटांतली घड्याळं थांबली नाहीत. 18 मे 2023 रोजी घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा महाराष्ट्राचा कायदा उचलून धरला आणि पट पुन्हा बिनघोर भरू लागले. पटावर निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो. जोडी कितीही देखणी असो, धुरकऱ्याचा इशारा आणि बैलाची उडी यांत फट पडली की पट गेला. आमच्या लोकांना ही फट डोळ्यांनी दिसते. त्यामुळे मी बटण दाबल्यावर गडी टीव्हीवर किती वेळाने उडी मारतो, हे त्यांनी लगेच हेरलं. पडद्यावरचा गडी खड्ड्यात पडला, मग त्याने उडी मारली.

आता न्यायाने बोलायचं तर या उशिरात आपला वाटा लहान. ब्लूटूथवरून आपला निरोप स्टिककडे पोहोचायला सेकंदाचा हजारावा भाग एक मानला तर असे दहा-वीस भाग लागतात. सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या खेळात एका चित्राच्या वाट्याला सतराच्या आतबाहेर भाग येतात, म्हणजे आपण फार तर एखाददुसरं चित्र मागे. खरा वेळखाऊ टीव्ही. आलेलं चित्र तो आधी उजळवतो, गुळगुळीत करतो, नटवतो आणि मग दाखवतो. या नट्टापट्ट्यात कधीकधी शंभरेक भाग जातात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' नावाची चावी असते, ती सुरू केली की नट्टापट्टा बराच कमी होतो. आमच्याकडे ती सापडली, पण क्रिकेटचं चित्र फिकं दिसतं म्हणून थोरल्या काकाजींनी परत बंद केली. त्यांच्यापुढे कोण बोलणार?

खेळ दूरच्या सर्व्हरवर चालतो अशा क्लाउडवरच्या खेळांत उशिराचा दोष अंतराला देण्याची पद्धत आहे, तीही मला पटत नाही. सर्व्हर मुंबईत आहे असं समजा आणि साकोली ते मुंबई साधारण 900 किलोमीटर धरा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन नऊ भाग! तार वाकडीतिकडी गेली म्हणून दुप्पट करा, तरी ते काहीच नाही. घात होतो तो आमच्या बैठकीत. वायफाय आणि आपण, दोघेही 2.4 गिगाहर्ट्झच्या एकाच गल्लीत. त्यातच आतल्या खोलीत वहिनी मोबाइलवर मालिका बघताहेत. राउटर 5 गिगाहर्ट्झचा असेल तर स्टिकला तिकडे वळवावं, गल्ली मोकळी होते. हे एक वाक्य खोक्यावर छापायला आपल्या कंपनीला किती शाई लागली असती?

आता स्टिकविषयी. साध्या स्टिकमध्ये साठवण 8 जीबी, त्यातली बरीचशी तिच्या स्वतःच्या संसाराला लागते. दोन मोठे खेळ उतरवले की तिसऱ्याच्या वेळी एकाला घराबाहेर काढावं लागतं. शिवाय कंट्रोलर चालतो असं लिहिलेला एक खेळ पोट्ट्यांनी मोठ्या आशेने उघडला. पहिल्याच पानावर हुकूम आला: पुढे जाण्यासाठी स्क्रीनला स्पर्श करा. खेळ मूळचा मोबाइलचा! धाकट्याने उठून खरोखर टीव्हीला बोट लावलं. काही घडलं नाही, फक्त काचेवर चिवड्याच्या तेलाचा ठसा उमटला आणि त्याच्या आईचा आवाज स्वयंपाकघरातून आला.

आपली चंचल वृत्तीही नोंदवतो. पुतण्याने एकदा आपल्याला त्याच्या फोनशी जोडलं. तेव्हापासून तो नागपूरहून घरी आला की आपण टीव्हीला ओळख दाखवत नाही, त्याच्या खिशाकडे धावता. पेन्सिल सेल संपले की पोट्टे भिंतीवरच्या घड्याळाचे काढतात, आणि आजी दुपारभर चार वाजायची वाट बघत बसते. तरी सेलवाले आपण बरे. संपले तर दुकान कोपऱ्यावर आहे.

आपलं खानदान मोठं, हे मी जाणतो. 2002 साली निन्टेन्डोच्या 'वेव्हबर्ड'ने बिनतारी कंट्रोलरला इभ्रत मिळवून दिली, तीही थरथर सोडून देऊन. अमेझॉनने 2014 मध्ये फायर टीव्हीबरोबर चाळीस डॉलरचा कंट्रोलर काढला. भारतात 2017 साली 3,999 रुपयांत अमेझॉनची स्टिक आली. गुगलचा स्टेडिया कंट्रोलर तर टीव्हीला मध्ये न घेता वायफायवरून थेट सर्व्हरशी बोलायचा. 18 जानेवारी 2023 ला स्टेडिया ही क्लाउडवरच्या खेळांची सेवाच मिटली. कंट्रोलर धडधाकट होता, बोलायला समोर कोणी उरलं नाही. गुगलने पैसे परत केले आणि त्याला ब्लूटूथवर बोलायची मुभा दिली, एवढी माणुसकी दाखवली. आपल्या देशात जिओने 2022 साली 3,499 रुपयांना कंट्रोलर आणला आणि आमच्याच सेट टॉप बॉक्सबरोबर वापरलात तर उत्तम, असं वर सांगितलंही. मला तो प्रामाणिकपणा आवडला. कोणाबरोबर नांदणार ते आधी सांगितलेलं बरं.

आपण मात्र 'सर्व उपकरणांसाठी' म्हणून आलात. नव्वदच्या दशकात टीव्ही गेमच्या कॅसेटवर '999999 इन 1' लिहिलेलं असायचं, आणि आत मारिओ, काँट्रा, रणगाडे आणि तेच पुन्हा वेगळ्या नावाने. त्या कंट्रोलरला हातभर वायर होती, म्हणून टीव्हीसमोर मांडी घालून बसावं लागे. पण दाबलं की गडी उडायचा. लगेच! या बाबतीत तीस वर्षांत आपण नेमके कुठे पुढे आलो, हे मला आपल्याकडून समजून घ्यायचं आहे.

तर निकाल. हात म्हणून आपण उत्तम, पण आपल्याला धडावेगळं करून तारे देणं बंद व्हावं. विकत घेणाऱ्याने दुकानात बटणं चिवडत बसू नये. आपला टीव्ही, राउटर आणि स्टिकमधली रिकामी जागा पाहून मग पाकीट काढावं. यूएसबीचा खडा लावून चालणारे आपले भाऊबंद तर घेऊच नयेत, कारण बहुतेक स्टिकना तो खडा लावायला रिकामं भोकच नसतं. आमच्याकडे आपली नेमणूक रोवणीच्या सुट्टीपुरती आणि पावसाच्या संध्याकाळींपुरती कायम करत आहे. दिवाळीनंतर मंडईची जत्रा सुरू झाली, झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगू लागली की आपण रजेवर. त्या दिवसांत सेल काढून ठेवले जातील, नाहीतर गळून स्प्रिंगा हिरव्या होतात.

दोघे पोट्टे आणि कंट्रोलर एकच, यावरून रोज होणाऱ्या मारामारीवर उपाय म्हणून दुसरा कंट्रोलर घेण्याचा प्रस्ताव घरात मांडला गेला आहे. तो मी फेटाळला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बिल भरणारा