अमावस्येला या

डोलवीचा पत्ता सांगायला मला फार शब्द लागत नाहीत. मुंबईकडून येत असाल तर पेण सोडायचं, वडखळचा नाका पार करायचा आणि रात्रीची वेळ असेल तर आकाश जिथं तांबडं दिसेल तिथं उतरायचं. ते तांबडं म्हणजे पोलाद कारखान्याचा उजेड. आधी इस्पात, आता जेएसडब्ल्यू. वर्षाला 1 कोटी टन पोलाद करण्याची त्याची क्षमता आहे. त्याच आकाशाखाली, आंबा नदीच्या खाडीला लागून असलेल्या माझ्या चुलतभावाच्या तळ्यावर मी वीज तयार करतो. साठ वॅट. तीही उधाणाला.

तेहतीस वर्षं मी पंप दुरुस्त करत आलो. निवृत्त झाल्यावर पहिला महिना झोपलो, दुसऱ्या महिन्यात बायकोच्या स्वयंपाकघरात सुधारणा सुचवू लागलो आणि तिसऱ्या महिन्यात तिनं मला खाडीवर पिटाळलं. पाणी दिवसातून दोनदा येतं नि दोनदा जातं, आणि कुणाचा एक पैसाही घेत नाही, हे साठ वर्षं डोळ्यांसमोर होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा खुपलं. एवढं पाणी फुकट जातंय! पंपवाल्याला पाणी वर चढवायची सवय. ते आपसूक खाली उतरताना पाहिलं की त्याला कसंतरीच होतं.

पहिला विचार गावच्या उघाडीचा आला. खारेपाटाबाहेरच्यांसाठी सांगतो: आमची भातशेती समुद्राच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर आहे. मध्ये मातीचे बांध आणि बांधाला झडपेची दारं. ओहोटीला दार आपोआप उघडतं, शेतातलं गोडं पाणी खाडीत जातं. भरतीला तेच दार मिटतं. म्हणून उघाडी. तिथं वीज करायला चाक बसवायचं तर दार उलटं चालवावं लागलं असतं, म्हणजे खारं पाणी आत घ्यावं लागलं असतं. ही कल्पना मी चार लोकांत बोलून दाखवली. त्यातल्या तिघांची शेती बांधाच्या आत होती. त्यानंतर मी चुलतभावाच्या तळ्याकडे वळलो.

तळं बारा गुंठ्यांचं, जिताडा माशाचं. पूर्वी आमच्या भागात कुठलंही अडलेलं काम एका चांगल्या जिताड्यानं मार्गी लागायचं, अशी म्हातारी माणसं सांगतात. भरतीला पाणी तळ्यात घ्यायचं, फळी टाकून अडवायचं आणि बाहेरचं पाणी उतरलं की फळी काढून ते चाकावर सोडायचं. चाकाची पाती निळ्या प्लास्टिकच्या ड्रमची, साखळी सायकलची, आल्टरनेटर भंगारात गेलेल्या टमटमचा. पहिल्यांदा बल्ब पेटला तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, “टमटम चालू झाली!”

गोष्ट इथंच संपली असती तर मी सुखी माणूस असतो. पण माझी पुतणी इंजिनीअरिंगला आहे. तिनं चाकाचा व्हिडिओ काढला आणि म्हणाली, “काका, तुम्ही स्टार्टअप आहात.” मला वाटलं, बीपीसारखं काहीतरी निघालं. तिनं सरकारची 2019 ची व्याख्या वाचून दाखवली. कंपनीला दहा वर्षं झालेली नसावीत, उलाढाल 100 कोटींच्या वर गेलेली नसावी आणि कामात काही नावीन्य असावं. त्यातली उलाढालीची अट मी कोणत्याही तयारीशिवाय पूर्ण करत होतो.

मग अर्ज. स्वच्छ ऊर्जेच्या स्पर्धा इतक्या असतात हे मला ठाऊक नव्हतं. कुठं कंपन्यांच्या, कुठं कॉलेजांच्या, कुठं परदेशी. पवईच्या आयआयटीतली मुलं तर 1998 पासून ‘युरेका’ नावाची स्पर्धा भरवतात. राज्य सरकारच्या स्टार्टअप सप्ताहात निवडल्या जाणाऱ्या 24 जणांना तेव्हा 15 लाखांपर्यंतच्या कामाचा आदेश मिळत असे, हे वाचून मी त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या नवीन बेअरिंग, स्टेनलेस शाफ्ट आणि तांब्याची वायर मनातल्या मनात विकत घेतली. तरी बरेच पैसे उरले.

अर्जात पहिलाच रकाना होता ‘बाजारपेठेचा आकार’. मी लिहिलं, बारा गुंठे. पुतणीनं ते खोडून ‘भारताची किनारपट्टी : 7,516 किलोमीटर’ असं केलं. पुढं सरकारनं किनारा नव्यानं मोजला, खाचाखोचा धरून, आणि तो 11,098 किलोमीटर भरला. माझी बाजारपेठ एका रात्रीत जवळजवळ दीडपट झाली. तळं तेवढंच राहिलं. शिवाय आयआयटी मद्रासच्या अभ्यासातला आकडाही तिनं टाकला : भारताच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतून 12,455 मेगावॅट वीज निघण्याजोगी आहे. त्या आकड्याशेजारी ‘सध्याची निर्मिती : 60 वॅट’ असं लिहायला मी सांगितलं. ती म्हणाली, “काका, सगळं खरं बोलायचं नसतं.”

खरं तर साठ वॅटही मोठ्या मुश्किलीचे. हिशेब सांगतो, कारण परीक्षकांपैकी कुणीही तो शेवटपर्यंत ऐकून घेतलेला नाही. बारा गुंठ्यांत पाऊण मीटर पाणी धरलं तर नऊशे घनमीटर होतं. ते सरासरी साठ सेंटिमीटर पडतं. सगळी शक्ती हाती लागली तर दीड युनिट. पण पाती, साखळी, टमटम यांनी आपापला वाटा काढून घेतल्यावर हातात उरतं पाव युनिट. म्हणजे दोनेक रुपये. भरतीला दोन रुपये. आमच्याच जिल्ह्यात टाटांनी खोपोलीला 1915 मध्ये, भिवपुरीला 1922 मध्ये आणि रोह्याच्या वर भिऱ्याला 1927 मध्ये पाण्यावर वीज केली, ती सह्याद्रीवरून पाणी जवळजवळ पाचशे मीटर खाली पाडून. माझ्याकडे साठ सेंटिमीटर. त्यांच्याकडे डोंगर होता, माझ्याकडे उंबरठा. (घाटातल्या पावसावर वीज करायची ती कल्पनाही मुळात मुंबईतल्या डेव्हिड गॉस्लिंग नावाच्या वास्तुविशारदाची. ती घेऊन तो जमशेटजींकडे गेला. आज कोणी म्हणतं का गॉस्लिंगची वीज?)

पहिली स्पर्धा पुण्याला. सहा मिनिटं, दहा स्लाइड. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम आमच्याकडे 2011 पासून चालू असल्यानं मी पहाटे चारला निघालो. सूटबूट घातलेल्या एका तरुण परीक्षकानं विचारलं, “टीआरएल किती?” मी म्हणालो, “गेल्या महिन्यात तपासली, नॉर्मल होती.” सभागृह हसलं. टीआरएल म्हणजे तंत्र किती पिकलंय याची एक ते नऊ अशी मोजपट्टी, हे मला मागाहून कळलं. लोकांना वाटलं मी विनोद केला, म्हणून ‘प्रेक्षकांची पसंती’ असं एक ढाल-बक्षीस मिळालं. ते अजून टीव्हीवर आहे.

दुसऱ्या स्पर्धेत खरी गाठ पडली. एका बाईंनी शांतपणे विचारलं, “सोलर का नाही?”

“सोलर रात्री बंद असतं, मॅडम.”

“तुमचं रात्री चालू असतं?”

इथं मला तिथीचं गणित सांगावं लागलं. आमच्याकडे घड्याळाआधी पंचांग बघतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. आतल्या खाडीला थोडं मागेपुढे. आता उधाण येतं ते अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच. म्हणजे ज्या दिवसांत पाणी भरपूर, त्या दिवसांत माझं चाक फिरणार दुपारी दोन ते सहा आणि मग पहाटे. आणि अष्टमीच्या सुमारास, जेव्हा ओहोटी बरोब्बर रात्री नऊनंतर, दिवे लावायच्या वेळी येते, तेव्हा असतो भांग. पाणी तळ्याच्या उंबऱ्याला शिवून परत जातं. या किनाऱ्यावर चंद्रानं हे वेळापत्रक कायमचं ठरवून टाकलंय. उजेड हवा तेव्हा पाणी नाही, पाणी आहे तेव्हा ऊन आहे. बाई म्हणाल्या, “बॅटरी?” बॅटरी चाकापेक्षा महाग. त्याच आठवड्यात आमच्या शेजाऱ्यानं सूर्यघर योजनेतून छपरावर पॅनल बसवले. तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान. त्याला स्लाइड कराव्या लागल्या नाहीत. तिथीही विचारली नाही कुणी.

त्या दिवसांत मी शंकर आबाजी भिसे वाचून काढले. 1867 चा मुंबईतला जन्म, ‘भारतीय एडिसन’ म्हणून नाव झालेला माणूस. लंडनच्या एका मासिकानं स्पर्धा लावली होती, माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची. भिशांचा आराखडा पहिला आला. त्या जोरावर ते विलायतेला गेले, आणि मग पुढची कितीतरी वर्षं त्यांची छपाईची अक्षरं पाडण्याच्या यंत्रासाठी पैसे गोळा करण्यात गेली. दादाभाई नौरोजींनी हात दिला, पुढं सर रतन टाटांनी दिला. 1935 मध्ये न्यूयॉर्कला वारले. स्पर्धेपासून शेवटपर्यंतचा त्यांचा प्रवास वाचताना मला सारखं वाटत होतं की या माणसाच्या घरीही एक ‘प्रेक्षकांची पसंती’ असणार. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “ते लंडनला तरी गेले. तुम्ही पुण्याहून परत येताना भाजी आणायची विसरलात.”

सगळेच असे अडकतात असं नाही. पुण्यातल्या ‘आरती’ संस्थेच्या डॉ. आनंद कर्व्यांना लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार दोनदा मिळाला : 2002 मध्ये उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यासाठी आणि 2006 मध्ये खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅससाठी. स्पर्धेतून माझ्या वाट्याला आलेल्या मेंटॉरनं (वय वर्षं सव्वीस) मला हेच उदाहरण दिलं आणि म्हणाला, “अंकल, वेस्ट बघा. तुमच्या प्रोसेसमध्ये वेस्ट काय निघतं?”

निघत होतं. कालवं. खाऱ्या पाण्यात दोन महिने काही ठेवा, त्यावर कालवं चिकटतात. माझ्या पात्यांवर ती अशी दाट बसायची की चाक जड होऊन बंद पडायचं. दर काही महिन्यांनी चाक बाहेर काढायचं, आणि मग बायको कोयतीच्या पाठीनं एकेक कालव टकटक करून फोडायची. वाटीभर राखाडी, लिबलिबीत मांस आणि त्याखाली खारट पाणी. ते पाणी सांडायचं नाही, तेच रश्शात जातं. मेंटॉरनं हिशेब केला. चाकापासून सरासरी पंधरवड्याला वीज : वीसेक रुपयांची. कालवं : बाजारभावानं तीनशेची. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “अंकल, आपण पिव्हट करू या का?”

मी नाही म्हणालो. पंपवाल्यालाही काही अभिमान असतो.

तरीही एका मोठ्या स्पर्धेत आम्ही शेवटच्या फेरीत पोचलो, कसे ते पुतणीलाच माहीत. (स्लाइडवर ‘60 वॅट’च्या जागी ‘प्रत्येक लाटेगणिक वाढती क्षमता’ असं काहीतरी होतं.) परीक्षक जागा पाहायला येणार होते. फोनवर आलेल्या मुलीनं विचारलं, “सर, कुठली तारीख सोयीची?”

मी म्हणालो, “अमावस्येला या. दुपारी तीनला.”

फोनवर शांतता.

“सर, अमावस्येला?”

“हो. नाहीतर पौर्णिमेला. पण अमावस्या उत्तम.”

“सर… मी कळवते.”

अर्ध्या तासानं कळवलं की मान्यवर अमावस्येला कुठं जात नाहीत. त्यातले एक गृहस्थ गुंतवणूकदार होते आणि त्या दिवशी चेकबुकाला हातही लावत नसत. मी उधाणाचं गणित सांगू लागलो, तिनं ऐकलंही, पण मला ऐकू येत होतं की पलीकडे ती कुणाला तरी “ते काका जरा वेगळे आहेत” असं सांगते आहे. तारीख त्यांनीच ठरवली. सकाळी अकरा. मी पंचांग उघडलं. अष्टमी.

पाच जण आले. दोन गाड्या. चिखलातून बांधावर येताना एकाचा पांढरा बूट आत राहिला, तो चुलतभावानं फावड्यानं काढून दिला. तळं अर्धं रिकामं. मी फळी उचलली. पाण्यानं एकदा सुस्कारा टाकला, चाक पाव वळसा फिरलं, थांबलं आणि किंचित मागं आलं. बल्ब पेटला नाही. त्याच्या आतली तार लाल व्हावी म्हणून मी मनातल्या मनात तिच्यावर फुंकर घालत होतो.

“आता किती वॅट आहे?” एकानं विचारलं.

“आता विश्रांती आहे,” मी म्हणालो.

पाठीमागं कारखान्याची चिमणी धूर सोडत होती. पांढऱ्या बुटाचे गृहस्थ तिकडे पाहत म्हणाले, “तुम्ही त्यांना वीज विकायचा विचार केलाय का?” मी नम्रपणे सांगितलं की त्यांच्या गेटवरचा एक दिवा मी उधाणाला चार तास चालवू शकेन, दुपारी.

मग जेवणं झाली. तांदळाची भाकरी, कालवांचा रस्सा, तळलेला जिताडा, अलिबागचा पांढरा कांदा. पाचही जण बोटं चाटत होते. एका बाईंनी बायकोला विचारलं, “हे पॅक करून मुंबईत पाठवता येईल?” बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी चाकाकडे बघितलं. पंधरवड्यानं पत्र आलं : माझी निवड झाली नव्हती, पण सौ. ना अन्नप्रक्रिया गटात अर्ज भरण्यासाठी खास निमंत्रण होतं. पुतणीनं काकूची पहिली स्लाइड केली : ‘बाजारपेठ : 11,098 किलोमीटर’.

परवा अमावस्या होती. मी तीन वाजता तळ्यावर गेलो. सकाळी उधाणाचं पाणी उंबरा ओलांडून तळं काठोकाठ भरून गेलं होतं, बाहेर खाडी बरीच उतरलेली. चाक नुकतंच साफ केलेलं. फळी उचलली आणि पाण्यानं अशी काही उडी मारली की साखळी किंचाळली. चाक गरगरायला लागलं, टमटमचा आल्टरनेटर गुणगुणू लागला आणि बल्ब पेटला, पूर्ण, पिवळाधमक, भर उन्हात. जवळ गेलं की हाताला ऊब लागायची, नाहीतर पेटलाय हे कळायचंही नाही. मी मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. व्हिडिओत नुसता उन्हाचा लोळ दिसत होता.

चुलतभाऊ जाळं खांद्यावर टाकून बांधावरून चालला होता. थांबला. बल्बकडे बघितलं, वर सूर्याकडे बघितलं.

“आरं, दिवसाचा कशाला लावलास?” तो म्हणाला. “बंद कर. लाइट जलतंय उगाच.”