आंघोळवाले काका

कोथरूडच्या बहुतेक सोसायट्यांत एखादे तरी आंघोळवाले काका असतातच. रविवारी सकाळी पार्किंगमधल्या नळाला पाइप लागला, की शेजारी मुकाट्याने आपापल्या स्कूटर हलवतात. आमच्या काकांचा लॅब्रडॉर ब्रूनो अंग झटकतो तेव्हा तीन गाड्या भिजतात.

पूर्वी हा सोहळा दिवसाआड होता. बादलीत टोपणभर जंतुनाशक, अंगाला घरातलाच शाम्पू. "आपण रोज आंघोळ करतो, मग त्या मुक्या जिवाने काय घोडं मारलंय?" हा काकांचा बिनतोड सवाल. नरक चतुर्दशीला तर उटणंही लावलं. त्यातलं निम्मं ब्रूनोने चाटून संपवलं.

मग ब्रूनो खाजवायला लागला. पोटावर लाल चट्टे, पाठीवर कोंडा. काका म्हणाले, "आंघोळ कमी पडतेय."

पशुवैद्यांचं मत उलट पडलं. माणसाच्या त्वचेचा सामू साधारण साडेपाच, म्हणजे आम्लधर्मी. कुत्र्याची त्वचा पातळ, आणि सामू सातच्या आसपास. आपला शाम्पू तिला मानवत नाही. शिवाय लॅब्रडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या गारठ्यात कोळ्यांच्या हाताखाली काम करायचे. तिथल्या पाण्यात टिकायला अंगावर दुहेरी केस आणि त्यांवर तेलाचा हात, ही त्यांची पिढीजात कमाई. काका ती दिवसाआड गटारात सोडत होते.

"महिन्या-दीड महिन्यातून एकदा आंघोळ पुरे," डॉक्टर म्हणाले. "चिखलात लोळला तर गोष्ट वेगळी. ब्रश मात्र आठवड्यातून दोन-तीनदा, केस गळायला लागले की रोज. आणि उन्हाळ्यात गोटा करू नका, ते केस उन्हापासूनही वाचवतात. नखं कधी कापली?"

काका गप्प. फरशीवरची टकटक त्यांना इतके दिवस ब्रूनोच्या चालीतली ऐट वाटत होती.

आता फ्रिजवर तक्ता लागलाय: ब्रश, कान, नखं, सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा. असा तक्ता पोरांच्या लसींचाही केला नव्हता, म्हणतात काकू. दुसऱ्या मजल्यावरच्या शिह त्झूला रोज विंचरावं लागतं हे कळल्यापासून त्याच्या मालकीणबाईंना काका लिफ्टमध्ये गाठून विचारतात, "आज विंचरलंत का?" बाई हल्ली जिन्याने जातात. गेटवरचा मोत्या आखूड केसांचा, गावठी, जन्मात शाम्पू न पाहिलेला आणि तरी तुकतुकीत. काकांच्या हातात ब्रश दिसला, की तो वॉचमनच्या खुर्चीखाली शिरतो.